कॅडचा क्लास लावायचा की घरीच शिकायचं? सोलापूरच्या नवशिक्यांसाठी

कॅडच्या, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग आणि मॉडेल काढण्याच्या क्लासची फी भरतो तेव्हा पैसे नेमके कशाचे देतो, ते आधी समजून घ्या. कमांड शिकण्याचे नाहीत. लाइन, ट्रिम, एक्स्ट्रूड यूट्यूबवर मराठीतसुद्धा फुकट मिळतात. प्रत्यक्ष क्लासमध्ये विकत मिळतात त्या दोनच गोष्टी. एक, तुमच्या स्क्रीनकडे बघून ‘हे इथं चुकलंय’ सांगणारा माणूस. दुसरी, रोज ठरावीक वेळी खुर्चीत बसायची सक्ती. यातलं तुम्हाला काय आणि किती हवंय, हे फलक वाचून कळत नाही, पंधरा दिवस स्वतः हात घालून बघितलं की कळतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कामाची चौकशी, मग घरची चाचणी, मग डेमो, आणि फी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण हा क्रम बरोबर उलटा करतात.

पायरी १ : काम कुठलं ते ठरवा, सॉफ्टवेअर त्यामागून येतं

‘सॉलिडवर्क्स करू की कॅटिया?’ हा प्रश्न सुरुवातीलाच विचारण्यात अर्थ नाही. कॅटिया प्रामुख्याने मोटार आणि विमान कंपन्यांच्या डिझाइन विभागांत चालतं, आणि ते काम पुण्या-बंगळुरूकडे आहे. सोलापुरात राहून काम करायचं असेल तर इथं काय बनतं ते बघा. चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत कास्टिंग, मशीनिंग, फॅब्रिकेशन. यंत्रमाग आणि टॉवेलच्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग. जिल्हाभरातल्या साखर कारखान्यांची ऑफ-सीझनमधली दुरुस्ती, पाइपिंग, कन्व्हेयर, टाक्या. या कामात चांगलं टू-डी ड्रॉइंग आणि एखादं थ्री-डी सॉफ्टवेअर येणाऱ्याला किंमत आहे. सिव्हिलवाल्यांना आर्किटेक्टच्या ऑफिसात ऑटोकॅड, स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे स्टॅड प्रो किंवा ईटॅब्स (इमारतीवरच्या भारांचा हिशेब करणारी सॉफ्टवेअर) लागतं. रेव्हिट (इमारतीचं थ्री-डी मॉडेल करणारं सॉफ्टवेअर) शिकायला हरकत नाही, पण ज्या ऑफिसात जायचंय तिथं ते वापरतात का, हे आधी विचारा.

विचारायचं कसं? चार-पाच ठिकाणी फोन करा किंवा ओळखीच्या सुपरवायझरला गाठा. तीनच प्रश्न पुरेत: कुठलं सॉफ्टवेअर आणि कुठल्या सालची आवृत्ती, नव्या मुलाला पहिल्या महिन्यात काय करायला देता, आणि मुलाखतीत संगणकावर बसवून काय काढायला लावता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीला ते लागेल.

पायरी २ : फी भरण्याआधी पंधरा दिवसांची चाचणी

सामान फार लागत नाही. विंडोजचा लॅपटॉप, १६ जीबी रॅम, एसएसडी आणि मधलं चाक दाबता येणारा माऊस. टचपॅडवर थ्री-डी शिकायला बसू नका. मॉडेल फिरवण्यातच तास जाईल आणि दोष सॉफ्टवेअरला द्याल. रॅम ८ जीबी असेल तर टू-डी आणि छोटे पार्ट चालतात, मोठ्या असेंब्लीला लॅपटॉप बसतो.

सॉफ्टवेअर कायदेशीर आणि फुकट मिळतं. मान्यताप्राप्त कॉलेजात शिकत असाल तर ऑटोडेस्कचं शैक्षणिक लायसन्स घ्या. ऑटोकॅड, रेव्हिट, इन्व्हेंटर, फ्यूजन एका वर्षासाठी मिळतात आणि विद्यार्थी असेपर्यंत नूतनीकरण होतं. बेंटलीकडून स्टॅडसुद्धा विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी मिळतं. सॉलिडवर्क्सचं लायसन्स कॉलेजच्या लॅबमध्ये आहे का ते विचारा. बऱ्याचदा असतं आणि परीक्षेनंतर लॅब रिकामी पडलेली असते. शिक्षण संपलं असेल तर फ्रीकॅड पूर्ण मोफत आहे, आणि फ्यूजनची वैयक्तिक वापराची आवृत्ती एका वेळी १० चालू फाइलींच्या मर्यादेत मिळते. शैक्षणिक किंवा वैयक्तिक लायसन्सवर पैसे घेऊन कुणाचं काम करता येत नाही, हे लक्षात असू द्या.

आता पंधरा दिवस, रोज दीड तास. ट्युटोरियल बघणं या दीड तासात धरायचं नाही. हात माऊसवर असलेला वेळच मोजायचा.

मेकॅनिकलवाल्यांनी पहिला पार्ट हा करावा: १०० × ६० × १२ मिमीची पट्टी, चार कोपऱ्यांत १० मिमी व्यासाची आरपार चार छिद्रं, प्रत्येक छिद्राचा मध्य दोन्ही कडांपासून १५ मिमीवर. मटेरियलची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर द्या आणि वजन बघा. ५३५.६ ग्रॅम आलं पाहिजे. ५३२.२ आलं तर घनता ७८०० आहे. सॉलिडवर्क्समधल्या प्लेन कार्बन स्टीलची तीच असते. ६८.२ आलं तर मटेरियल द्यायचंच राहिलंय, सॉफ्टवेअरनं पाण्याची घनता धरली. आता १०० चं माप बदलून १२० करा. छिद्रं नव्या कडेपासून १५ मिमीवर सरकली आणि वजन ६४८.६ झालं, तर मापं बरोबर बांधलीत. छिद्रं जागची हलली नाहीत किंवा स्केच विस्कटलं, तर चित्र काढलंय, मॉडेल नाही. स्केच पूर्ण बांधलं गेलंय का हे रंगावरून कळतं: सॉलिडवर्क्समध्ये निळ्या रेषा काळ्या होतात, फ्रीकॅडमध्ये स्केच हिरवं होतं.

यानंतर घरातली एखादी खरी वस्तू घ्या. पाण्याच्या मोटारीचं कपलिंग, पाइपचा फ्लँज, काहीही. व्हर्नियरनं मापं घ्या, मॉडेल करा, ड्रॉइंग काढा, ए-४ वर एकास एक छापा आणि पट्टी लावून तपासा. १०० ची रेषा ९६ भरली तर प्रिंट करताना ‘फिट टू पेपर’ची खूण राहिली होती.

सिव्हिलवाल्यांनी स्वतःचं घर टेप लावून मोजावं. बाहेरच्या भिंती ९ इंची म्हणजे २३० मिमी, आतल्या साडेचार इंची म्हणजे ११५. प्लॅन ए-३ वर १:५० प्रमाणात छापा. ३ मीटरची भिंत कागदावर ६० मिमी भरली पाहिजे. घरमालक फुटात बोलतो, ड्रॉइंग मीटरमध्ये किंवा मिमीत असतं, आणि नवशिक्याचा पहिला गोंधळ तिथंच होतो. इंचातल्या फाइलमधून आणलेला दरवाजाचा ब्लॉक २५.४ पट मोठा किंवा लहान दिसला तर युनिटची सेटिंग बघा. नवी फाइल अकॅडआयएसओ टेम्प्लेटवर उघडा. साध्या अकॅड टेम्प्लेटमध्ये इंच असतात.

स्टॅड किंवा ईटॅब्स शिकणाऱ्यांनी इमारतीला हात घालण्याआधी एक बीम सोडवावा. ६ मीटर स्पॅन, दोन्ही टोकं साध्या आधारावर, प्रति मीटर २० किलोन्यूटन भार. कागदावर मधला मोमेंट ९० किलोन्यूटन-मीटर येतो, दोन्ही आधारांवरची प्रतिक्रिया (रिअॅक्शन) प्रत्येकी ६० किलोन्यूटन. सॉफ्टवेअरनं टोकाला ६० आणि मध्ये ३० चा मोमेंट दाखवला तर आधार फिक्स्ड ठेवलेत. बीम २३० × ४५० चा आहे आणि ९० ऐवजी १०१ च्या आसपास आलं, तर स्वतःचं वजनही धरलं गेलंय. हे ताळे ज्याला हातानं जमत नाहीत त्यानं स्टॅडची फी भरू नये. ते पैसे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या उजळणीला लावावेत, आणि ती उजळणी एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर) फुकट आहे.

या पंधरा दिवसांत एक वही ठेवा. कुठं अडलो, किती वेळ अडलो, कशानं सुटलं. एका ओळीची नोंद पुरते.

पायरी ३ : वही वाचा

पंधराव्या दिवशी वहीतल्या नोंदी तीन गटांत पाडा.

पहिला गट कमांडचा. ‘डॉटेड रेषा सरळ दिसते’, ‘डायमेन्शनचे आकडे मुंगीएवढे’, ‘हॅच बसत नाही’. असल्या अडचणी शोधल्यावर दहा मिनिटांत सुटतात. (पहिली एलटीस्केलनं, दुसरी अॅनोटेशन स्केलनं. तिसरीत बहुधा कुठंतरी रेषा जुळलेली नसते.) वहीत सगळं असलंच काही भरलं असेल तर तुम्हाला क्लासची गरज नाही, हे आमचं स्पष्ट मत.

दुसरा गट पायाचा. कुठला व्ह्यू कुठं काढायचा कळत नाही, सेक्शन कुठून घ्यायचा समजत नाही, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कशाला देतात ठाऊक नाही. ही अडचण सॉफ्टवेअरची नाहीच. कागदावर व्ह्यू मांडायची आपल्याकडची पद्धत फर्स्ट अँगल प्रोजेक्शनची; अमेरिकन टेम्प्लेटवर ड्रॉइंग काढलं की थर्ड अँगल येतं आणि डावी बाजू उजवीकडे जाते. सिमेट्रिकल पार्टमध्ये ते कुणाच्या लक्षात येत नाही, एका बाजूला कीवे (किल्ली बसवायची खाच) असलेल्या पार्टमध्ये मात्र जॉब उलटा बनून येतो. असं काही क्लासमध्ये शिकवलं जाईल का, हे पूर्णपणे शिकवणाऱ्यावर अवलंबून आहे. कमांडची यादी घेऊन बसलेला माणूस हे शिकवणार नाही. शॉप फ्लोअरवर ज्याचं ड्रॉइंग टर्नरनं परत फेकलंय तो पहिल्याच आठवड्यात शिकवेल. वहीत हा गट मोठा असेल तर क्लास लावण्यासारखा आहे, फक्त माणूस बघून.

तिसऱ्या गटात नोंदीच नाहीत. पंधरापैकी सहा दिवस बसलात, बाकी राहून गेलं. यात लाजण्यासारखं काही नाही. नोकरी करून शिकणाऱ्यांचं बहुधा असंच होतं. तुम्हाला सक्ती विकत घ्यायची आहे. मग सगळ्यात महागडा क्लास शोधू नका. घराजवळचा आणि वेळेवर उघडणारा शोधा. दोघा-तिघांनी मिळून कॉलेजच्या लॅबमध्ये रोज ठरावीक वेळ बसलात तरी तेच साधतं, आणि फुकट.

काही विषयांना मात्र वहीची वाट बघायची गरज नाही. सीएनसी-व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी मशीन) प्रोग्रॅमिंग घरबसल्या शिकता येत नाही. जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, कागदावर कळतो. वर्क ऑफसेट (जॉब नेमका कुठं आहे ते मशीनला सांगणारा आकडा) चुकल्यावर टूल व्हाइसमध्ये कसा घुसतो ते मशीनसमोरच कळतं. इथं ‘सिम्युलेटरवर शिकवतो’ म्हणणारा क्लास नको. मशीन दाखवा म्हणा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्थेकडे चौकशी करा. अॅन्सिससारख्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरची विद्यार्थी आवृत्ती मर्यादित नोडसह, म्हणजे छोट्या मॉडेलपुरती, मोफत मिळते, पण तिथं रंगीत चित्र नेहमीच येतं, उत्तर बरोबर असो वा नसो. मेश (हिशेबासाठी पार्टचे पाडलेले तुकडे) बारीक केल्यावर ताण किती बदलला, हे विचारणारं कुणीतरी शेजारी हवंच.

पायरी ४ : डेमोला जाल तेव्हा

डेमो लेक्चर फार देखणं असतं. एका क्लिकवर इंजिन सुटं होतं आणि परत जुळतं. तिकडं बघू नका. आधीपासून चालू असलेल्या बॅचमध्ये मागच्या खुर्चीवर अर्धा तास बसू द्या म्हणा. नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे.

बसल्यावर दोन गोष्टी मोजा: संगणक किती आणि मुलं किती. एका संगणकावर दोघं असतील तर तुमचे तास निम्मे झाले. मग हा हिशेब करा: दीड तासाच्या बॅचमध्ये सरांचं शिकवणं ४० मिनिटं, उरली ५०. मुलं १० असतील तर तुमच्या वाट्याला सरांची ५ मिनिटं, २० असतील तर अडीच. आपण पैसे त्याच मिनिटांचे देतोय. शिवाय सर मुलाच्या हातातला माऊस घेऊन स्वतःच दुरुस्त करून देतात का, की ‘तू कर, मी बघतो’ म्हणतात? माऊस हिसकावणारे सर प्रेमळ असतील, पण मुलाला काही येत नाही.

मग सरांना तुमच्या वहीतले दोन-तीन प्रश्न विचारा. मेकॅनिकलचा असेल तर: ‘लेझर कटिंगला डीएक्सएफ (कटिंग मशीनला द्यायची ड्रॉइंगची फाइल) द्यायची असेल तर काय तपासता?’ एकावर एक पडलेल्या रेषा ओव्हरकिल कमांडनं काढतो, आकार बंद आहे का बघतो, प्रमाण एकास एक ठेवतो, असं उत्तर आलं पाहिजे. दुहेरी रेषा राहिली तर मशीन तीच जागा दोनदा कापतं. स्ट्रक्चरलचा असेल तर: ‘सोलापूरला भूकंपाचा कुठला झोन घेता?’ आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या पहिल्या भागाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार सोलापूर झोन तीनमध्ये, गुणांक ०.१६. ‘सॉफ्टवेअरमध्ये असतं ते आपोआप’ असं ऐकू आलं तर नमस्कार करून निघा. आर्किटेक्चरल ड्राफ्टिंग शिकवणाऱ्याला युनिफाइड डीसीपीआर म्हणजे २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली माहीत असायला हवी आणि मंजुरीच्या नकाशात लेयर कसे पाडतात ते दाखवता यायला हवं.

लायसन्सचंही विचारा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर देतो म्हणणारे भेटतील. ते चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यावरून काय ते समजा. अधिकृत केंद्र आहोत असा दावा असेल तर त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव तपासा. भिंतीवरची फ्रेम पुरावा नव्हे.

तीन महिन्यांत आठ सॉफ्टवेअरचा ‘मास्टर डिप्लोमा’ कुणी देऊ केला तर तासांची विभागणी लेखी मागा. ऑटोकॅड टू-डीला ३५-४० तास आणि एका थ्री-डी सॉफ्टवेअरला ६०-८० तास धरणं रास्त आहे, तेवढाच वेळ वेगळा सराव धरून. आठ नावांच्या यादीत हे गणित बसत नाही.

पायरी ५ : पैशांचा हिशेब

समजा फी १६,००० सांगितली. जीएसटी त्यात आहे की वर, विचारा. १८ टक्के वर असेल तर १८,८८० होतात. ८० तासांना भागा: तासाला २३६. दीड तासाची बॅच म्हणजे ५३ फेऱ्या. जुळे सोलापुरातून शहरात येणाऱ्याला हा पेट्रोलचा प्रश्न आहे. अक्कलकोट किंवा मोहोळहून एसटीनं येणाऱ्याला रोजच्या दोन-अडीच तासांचा. लांबून येणाऱ्यांनी रोजच्या दीड तासाऐवजी शनिवार-रविवारची चार-चार तासांची बॅच मागावी: फेऱ्या ५३ वरून २० वर येतात.

पुण्याला जावं का? ऑटोकॅड-सॉलिडवर्क्ससाठी नाही. खोली आणि मेसचा खर्च दोन महिन्यांत फीच्या पुढं जातो आणि शिकायला मिळतं तेच. विश्लेषण, मोल्ड डिझाइन, पाइपिंग असल्या विषयांचा जाणकार इथं सापडला नाही तर मात्र विचार करा, तोही आधी एक दिवस सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन, बॅचमध्ये बसून, रात्री परत येऊन.

डिप्लोमा किंवा पदवी झालेल्यांनी फी भरण्याआधी नॅट्सच्या (केंद्र सरकारच्या अॅप्रेंटिसशिप योजनेच्या) पोर्टलवर अॅप्रेंटिसशिपच्या जागा बघाव्यात. तिथं वर्षभर कामावर शिकायला मिळतं आणि वर विद्यावेतन.

पायरी ६ : पावती

पूर्ण फी एकदम भरू नका, ‘आजच भरली तर निम्मी सूट’ असली तरी. तीन हप्ते मागा. पावतीवर सॉफ्टवेअरचं नाव, एकूण तास, बॅचची वेळ आणि सोडल्यास परताव्याची अट लिहून घ्या. जीएसटी घेतला असेल तर त्यांचा जीएसटी क्रमांक पावतीवर हवाच. ‘जॉब गॅरंटी’चा अर्थ लेखी विचारा: मुलाखतीला पाठवणार की नोकरी देणार? मागच्या बॅचच्या दोन मुलांशी स्वतः बोला. कबूल केलेलं मिळालं नाही आणि ऐकूनही घेतलं जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

क्लास लावलाच तर

एप्रिल-मेत दुपारची बॅच घेऊ नका. सोलापूरच्या उन्हात एकला घरातून निघणं, मग गरम खोलीत स्क्रीनसमोर बसणं, तिसऱ्या दिवशी दांडी ठरलेली. सकाळी सातची घ्या. वीज गेल्यावर काम जाऊ नये म्हणून ऑटोकॅडमधलं ऑटोसेव्ह १० मिनिटांवरून ५ वर आणा.

क्लासच्या पुस्तकातले ठरीव व्यायाम घरी करा. क्लासच्या वेळेत तुमचं स्वतःचं अडलेलं काम घेऊन बसा, कारण सर तिथंच आहेत. क्लासमध्ये आणि घरी एकच आवृत्ती असू द्या. नव्या सॉलिडवर्क्सची फाइल जुन्यात उघडत नाही. २०२४ पासून मागच्या दोन आवृत्त्यांत सेव्ह करायची सोय आली आहे, त्याआधीच्यांना ती नाही.

शेवटी प्रमाणपत्र मिळेलच. मुलाखतीला त्यासोबत तीन ड्रॉइंग न्या: एक खऱ्या वस्तूवरून मोजून काढलेलं, एक असेंब्ली आणि पार्ट लिस्टचं, आणि एक ज्यावर टॉलरन्स दिलेत आणि का दिलेत ते तुम्हाला सांगता येतं. सिव्हिलवाल्यांनी प्लॅन-एलिव्हेशन-सेक्शन, एका जिन्याचा तपशील आणि एक बीम-कॉलमचा तक्ता (शेड्यूल). कागदावर छापून न्या आणि पेन ड्राइव्हवर मूळ फाइलही ठेवा. ऑटोकॅडची असेल तर २०१३ च्या डीडब्ल्यूजी फॉरमॅटमध्ये सेव्ह केलेली, म्हणजे त्यांच्याकडं बऱ्यापैकी जुनी आवृत्ती असली तरी उघडेल.